फिरणारं कोण, सरकणारं कोण?

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१७७६ साली मॅथ्यू बोल्टनने एका पत्रात मोठ्या समाधानानं कळवलं होतं, की जॉन विल्किन्सनने टिप्टनच्या इंजिनासाठी बोअर करून दिलेल्या ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक कुठे सापडत नाही. जुनं, झिजलेलं शिलिंग म्हणजे साधारण मिलिमीटरभर जाडी. आज पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात इंजिनाचा ब्लॉक एवढ्या चुकीनं तयार झाला, तर तो भंगारातच जाईल. पण जेम्स वॉटचं इंजिन त्याआधी वर्षानुवर्षं अडून बसलं होतं, आणि पैशांच्या चणचणीइतकंच मोठं कारण होतं ते नीट बोअर केलेला सिलिंडर न मिळणं.

वॉटने वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट १७६९ साली घेतलं. कल्पना पक्की होती. प्रत्यक्षात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीतून वाफ निसटत होती. आधीच्या न्यूकॉमेन इंजिनात ही अडचण पाण्याने झाकली जाई. पिस्टनच्या डोक्यावर पाण्याचा थर ठेवला की फट बुजायची. वॉटला ते करता येईना, कारण सिलिंडर सतत गरम ठेवणं हाच त्याच्या शोधाचा प्राण. वरून गार पाणी सोडलं की सगळी मेहनत वाया. मग कॉर्क, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या असलं काय काय त्या फटीत कोंबून झालं. वाफ काही थांबली नाही.

सिलिंडर बोअर करणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यासाठी जॉन स्मीटनने असं एक यंत्र नुकतंच आखून दिलं होतं. स्मीटन म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. एडिस्टनचा प्रसिद्ध दीपस्तंभ त्यानेच बांधला. त्याच्या यंत्रात पाणचक्कीवर फिरणारा एक लांब दांडा होता आणि दांड्याच्या मोकळ्या टोकाला टूल बसवलेलं डोकं. दांडा एकाच बाजूने धरलेला, त्यामुळे डोकं स्वतःच्या वजनानं खाली झुकायचं. त्याला टेकू म्हणून स्मीटनने छोट्या चाकांची एक गाडी दिली आणि ती चालवली सिलिंडरच्याच खालच्या भिंतीवरून. गफलत नेमकी इथे झाली. ओतीव सिलिंडरची भिंत मुळात उंचसखल. गाडी तिच्यावरून चालली की डोकंही तसंच वर-खाली होणार. म्हणजे ज्या भिंतीची चूक काढायची, तीच भिंत टूलला वाट दाखवत होती.

बोअरिंग मशीनची सगळी यंत्ररचना एका प्रश्नाभोवती फिरते: फिरणार कोण, सरकणार कोण, आणि त्या दोघांना आधार कुणाचा? टूलची धार, टूलचा धातू, वेग हे सगळं महत्त्वाचं आहेच. कारखान्यात चर्चाही त्याचीच जास्त होते. पण भोकात शेवटी कुठल्या जातीची चूक उरणार, हे मशीन कागदावर आखलं जात असतानाच ठरलेलं असतं. ऑपरेटर कितीही कसबी असो, ती जात त्याला बदलता येत नाही; फार तर प्रमाण कमी करता येतं.

विल्किन्सनने या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दोन वर्षांत दिली, हे त्याचं खरं कर्तृत्व. १७७४ सालचं त्याचं पेटंट तोफांसाठी होतं. त्यापूर्वी बहुतेक तोफा मधे गाभा ठेवून पोकळ ओतत आणि मग आतून साफ करत. गाभा ओतताना हलला की भोकही हललेलं. विल्किन्सन तोफ भरीव ओतायचा, तिलाच बेअरिंगमध्ये फिरवायचा आणि न फिरणारं टूल पुढे रेटायचा. जॉब फिरत असला की टूलला भरकटायला फारसा वाव राहत नाही. ते मध्यापासून ढळायला लागलं, तर फिरता जॉबच त्याला पुन्हा मध्याकडे आणत राहतो. खोल भोक पाडणारी आजची डीप-होल मशीनं शक्य असेल तिथे जॉब फिरवतात ती याचसाठी. तोफा भरीव ओतून बोअर करण्याची युक्ती मात्र एकट्या विल्किन्सनची नव्हे. स्वित्झर्लंडचा जाँ मारित्झ त्याच्या कितीतरी आधी या मार्गाने गेला होता, आणि हॉलंडहून इंग्लंडात आलेल्या फेरब्रुगेन यांनी वुलिचच्या सरकारी कारखान्यात आडवं तोफ-बोअरिंग आणलं होतं. विल्किन्सनचं पेटंट १७७९ साली रद्द झालं. त्याचं त्याला किती वाईट वाटलं असेल ते असो. धंदा काही थांबला नाही.

सिलिंडरला ही युक्ती लागू करायची तर दोन अडचणी होत्या. पन्नास इंच व्यासाचं बिडाचं अजस्र धूड बेअरिंगमध्ये फिरवणं कठीण, हे उघडच. दुसऱ्या अडचणीतूनच सुटकेची वाट निघाली. तोफेचं एक टोक बंद असतं, सिलिंडर मात्र दोन्ही बाजूंनी उघडा असतो. मग दांडा त्यातून आरपार का नेऊ नये? १७७५ साली वेल्समधल्या रेक्सहॅमजवळच्या बर्शम कारखान्यात विल्किन्सनने नेमकं तेच केलं. सिलिंडर जागच्या जागी जखडला, दांडा त्यातून आरपार नेऊन दोन्ही टोकांना बेअरिंगवर ठेवला आणि पाणचक्कीने फिरवला. टूलचं डोकं त्या दांड्याबरोबर फिरे आणि दांड्यावरूनच पुढे सरके. सिलिंडरच्या भिंतीचा आणि टूलच्या वाटेचा संबंध एका फटक्यात तुटला.

या बदलाचा हिशेब पदविकेच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही मांडू शकतो. एका टोकाला धरलेला दांडा मोकळ्या टोकावरच्या बळाने किती वाकतो याचं सूत्र आहे: बळ गुणिले लांबीचा घन, भागिले ३ईआय. दोन्ही टोकांना टेकवलेला तेवढाच दांडा मध्यावर बळ दिलं तर वाकतो तो त्याच अंशाला ४८ईआयने भागून. म्हणजे जाडी तीच, लांबी तीच, बळ तेच. फक्त दुसरं बेअरिंग दिलं की वाक सोळापटीने कमी. लांबीचा घन असल्यामुळे बाहेर निघालेला दांडा दुप्पट केला की वाक आठपट होतो आणि व्यास दुप्पट केला की सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच साध्या पोलादी बोअरिंग बारच्या बाबतीत कारखान्यात एक ढोबळ मर्यादा पाळतात: व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढायचा नाही. त्यापुढे गेलं की टूल चॅटर मारतं आणि भोकाच्या भिंतीवर लाटा उमटतात. कार्बाइडचा बार पोलादाच्या जवळपास तिप्पट ताठ, म्हणून तो व्यासाच्या सहापटीपर्यंत चालतो. पोटात कंपन शोषणारी यंत्रणा भरलेले बार त्याच्याही पुढे जातात, किंमतही तशीच घेतात.

विल्किन्सनने डोकं सरकवलं कसं, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकतात. खरं तर यंत्ररचनेच्या दृष्टीने तीच जास्त रसाळ आहे. फिरणाऱ्या वस्तूवरच्या दुसऱ्या वस्तूला बाहेरून ढकलायचं, आणि तेही पहिलीचं फिरणं न थांबवता, हा कूट प्रश्न. विल्किन्सनचा दांडा पोकळ होता आणि त्याला लांबीभर खाच होती. पोकळीतून एक सळई जायची. त्या सळईला टूलचं डोकं खाचेतून जोडलेलं असायचं. सळईचं बाहेरचं टोक रॅकला जोडलेलं, रॅकला पिनियन, पिनियनला तरफ आणि तरफेला वजन. वजन खाली येई तसं डोकं पुढे जाई.

वजनाने दिलेलं फीड म्हणजे ठरावीक बळ; ठरावीक अंतर नव्हे. धातू मऊ लागला की टूल धावतं, कठीण गाठ आली की रेंगाळतं. अठराव्या शतकातल्या बिडात कठीण गाठींची काय कमतरता! अशा धातूत वजनाचं फीड टूलला वाचवतं. स्क्रूचं फीड याच्या नेमकं उलट. अंतर ठरलेलं, बळ हवं तेवढं. टूल मोडलं तरी स्क्रू थांबत नाही. पुढच्या काळात सगळं जग स्क्रूकडे गेलं ते धातू एकसारखा मिळू लागल्यावर आणि टूल अधिक टणक झाल्यावर.

स्क्रू किती जोर लावू शकतो याचा एक गमतीदार पुरावा म्युनिकच्या तोफखान्यातला आहे. काउंट रमफर्डने तिथे मुद्दाम बोथट केलेला बोअर स्क्रूने तोफेच्या धातूवर दाबला. त्याच्या हिशेबाने तो दाब सुमारे १०,००० पौंडांचा होता. तोफेचा तुकडा घोड्यांच्या बळावर मिनिटाला सुमारे ३२ फेरे फिरवला आणि सभोवती पाण्याची पेटी ठेवली. अडीच तासांनी पाणी उकळलं. विस्तवाशिवाय पाणी उकळताना पाहून बघे अवाक झाले. १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेला त्याचा निबंध उष्णता हा काही वेगळा पदार्थ नाही, या मताच्या बाजूचा मोठा पुरावा ठरला. भौतिकशास्त्राचे शिक्षक तो प्रयोग उष्णतेसाठी सांगतात. मशीन आखणाऱ्याने त्यातून वेगळा बोध घ्यावा: टूल कापत नसेल आणि फीड रेटत असेल, तर ती सगळी शक्ती जॉब आणि स्पिंडल तापवण्यात जाते. पोलादाचा मीटरभर दांडा एक अंश सेल्सियसने तापला तर साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास लांबतो. दहा अंश तापला तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त. उलट १०० मिलिमीटरच्या भोकाला एच-७ या नेहमीच्या श्रेणीत एकूण मोकळीक मिळते फक्त ३५ मायक्रॉन.

फिरण्याच्या बाजूचीही एक सुधारणा याच सुमाराची. बोल्टन आणि वॉट यांचा उजवा हात विल्यम मर्डॉक याने १७९९ च्या आपल्या पेटंटात बोअरिंगचा दांडा वर्म आणि वर्मचाकाने फिरवण्याची रीत मांडली. साध्या दात्यांच्या चाकात दात्यावर दाता आदळतो आणि तो हिसका टूलपर्यंत पोचतो. वर्म सरकत सरकत फिरवतो आणि एकाच टप्प्यात वेगही बराच कमी करतो. मोठ्या व्यासाला हळू आणि एकसारखं फिरणं हवंच असतं.

आता त्या कूट प्रश्नाची पुढची दोन उत्तरं. पहिलं इतकं साधं आहे की ते बघून हसू येतं. बोअरिंग बारच्या खाचेत एक स्क्रू बसवायचा आणि त्याच्या टोकाला ताऱ्याच्या आकाराचं चाक लावायचं. बाहेर एक खुंटी स्थिर ठेवायची. बार एक फेरा फिरला की ताऱ्याचं एक टोक खुंटीवर अडतं आणि तारा एक घर फिरतो. ताऱ्याला सहा टोकं आणि स्क्रूचा पिच ३ मिलिमीटर असेल, तर दर फेऱ्याला फीड अर्धा मिलिमीटर. दोन खुंट्या लावल्या तर एक मिलिमीटर. गिअरबॉक्स नाही, मोटर नाही. जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या नळीतून जातो ती नळी जागेवरच बोअर करायची असो, की साखर कारखान्यातल्या एखाद्या मोठ्या यंत्राचं घर. मशीनवर नेता न येणाऱ्या जॉबसाठी हा स्टार फीडचा बार उत्तम. दोष एकच. फीड सलग मिळत नाही, फेऱ्यातल्या एका जागी झटक्याने मिळतं. रफ कटाला कुणी तक्रार करत नाही; फिनिश कटात मात्र त्या जागेची खूण दिसते.

सलग फीड हवं असेल तर दुसरं उत्तर, फरकाच्या गिअरचं. बारला ४० दात्यांचं चाक, ते शेजारच्या शाफ्टवरच्या ४० दात्यांच्या चाकाला फिरवतं. त्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला ३९ दाते, आणि ते स्क्रूवरच्या ४१ दात्यांच्या चाकात अडकलेलं. दोन्ही जोड्यांची बेरीज ८०, म्हणून मधलं अंतर जुळतं. बार एक फेरा करतो तेव्हा स्क्रू ३९/४१ फेरा करतो, त्याच दिशेने. बारच्या मानाने स्क्रू मागे पडतो तो फक्त २/४१ फेरा. पिच ६ मिलिमीटर धरला तर फीड ०.२९ मिलिमीटर. दोन जवळपास सारख्या गतींमधल्या फरकातून तिसरी, अगदी मंद गती काढण्याची ही रीत देखणी आहेच, शिवाय प्रामाणिक आहे: बारचा वेग वाढवा, कमी करा, दर फेऱ्याचं फीड तेवढंच राहतं.

आणि दर फेऱ्याचं फीड हीच खरी महत्त्वाची संख्या. टूलच्या टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि फीड ०.२ मिलिमीटर असेल, तर भिंतीवर राहणाऱ्या वरंब्यांची हिशेबी उंची सव्वासहा मायक्रॉन येते. फीड निम्मं केलं तर उंची निम्मी होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. फीड मिनिटाच्या हिशेबाने वेगळ्या मोटरवर चालवलं आणि कठीण जागी स्पिंडल थोडा मंदावला, तर भिंतीवर ते लगेच उमटतं. सीएनसी मशीनमध्ये स्पिंडलवरचा एन्कोडर हेच नातं इलेक्ट्रॉनिक मार्गाने राखतो.

आडव्या बोअरिंग मशीनवर आलं की प्रश्न पुन्हा मूळपदावर येतो. या मशीनची ओळखच स्पिंडलच्या व्यासाने सांगतात. भारतातल्या जुन्या जड कारखान्यांत चेक देशातल्या टॉस वार्न्सडॉर्फची मशीनं असत, आणि तिथला कामगार ‘शंभरची’ किंवा ‘एकशेतीसची’ म्हणायचा ते स्पिंडलच्या मिलिमीटरांवरून. त्यात बाहेर एक पोकळ स्पिंडल बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या पोटात दुसरा, बोअरिंगचा स्पिंडल, चावीच्या आधाराने त्याच्याबरोबर फिरत पुढे-मागे सरकतो. दोघांमधली मोकळीक काही मायक्रॉनांची. जास्त ठेवली तर आतला स्पिंडल डुलतो. कमी ठेवली तर तापल्यावर जाम होतो.

अशा मशीनवर ऑपरेटरपुढे दोन पर्याय असतात: स्पिंडल बाहेर काढत न्यायचा, की स्पिंडल जागेवर ठेवून टेबल सरकवायचं? पहिला सोपा, म्हणून बरेच जण तोच घेतात. पण स्पिंडल जसा बाहेर येतो तशी लांबी वाढते, आणि वाक लांबीच्या घनाने वाढत असल्याने भोकाच्या सुरुवातीचा व्यास शेवटी राहत नाही. दुसऱ्या पर्यायात बाहेर आलेली लांबी बदलतच नाही. जो काही वाक असेल तो पहिल्या मिलिमीटरपासून शेवटच्यापर्यंत सारखा. म्हणजे व्यास सारखा.

यावर नेहमीची शंका अशी, की टेबलाची वाट स्पिंडलच्या अक्षाला समांतर नसेल तर? हिशेब करून पाहावा. लेथवर जॉब फिरतो आणि टूल सरकतं. तिथे वाट एका अंशाने तिरकी असेल, तर १०० मिलिमीटर लांबीत व्यासात साडेतीन मिलिमीटरचा टेपर येईल. बोअरिंग मशीनवर टूल फिरत असेल आणि टेबल तेवढ्याच एका अंशाने तिरकं सरकत असेल, तर टेपर शून्य. भोक सरळच राहतं, फक्त किंचित लंबगोल होतं, आणि १०० मिलिमीटरच्या व्यासात तो लंबगोल भरतो अवघा १५ मायक्रॉन! चूक तीच, पण फिरणारा बदलला की तिचा परिणाम दोनशेहून अधिक पटीने घटला. अर्थात भोकाची दिशा त्या एका अंशाने चुकलेली राहतेच. ती चूक टेबलाची, आणि ती दुरुस्त करायची जागाही टेबलच.

विल्किन्सनच्या रचनेतही एक बारीक उणीव या हिशेबाने दिसते. दांडा दोन्ही टोकांना टेकलेला असला तरी मध्यावर स्वतःच्या वजनाने थोडा झोल खातोच. डोकं दांड्यावरून सरकत गेलं की त्या झोलाची वक्रता भोकाच्या अक्षात उतरते. टूल दांड्यावर पक्कं ठेवून जॉबच सरकवला तर तोच झोल निरुपद्रवी होतो. भोक थोडं खाली येतं, पण सरळ राहतं. मोबदला जागेत द्यावा लागतो, कारण दोन आधारांमधला दांडा जॉबच्या दुपटीहून लांब हवा. पन्नास इंची सिलिंडर सरकवण्यापेक्षा झोल पत्करणं विल्किन्सनला परवडलं, आणि त्याच्या काळात तो निर्णय बरोबर होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या जुन्या गॅरेजांत किंवा तालुक्याच्या गावी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपांत हे सगळं रोज चालू असतं, फक्त त्याला कुणी सिद्धान्त म्हणत नाही. झिजून ओव्हल झालेला ब्लॉक येतो. मिस्त्री बोअर गेज घालून वर, मधे, खाली असं आडवं-उभं माप घेतो. पोर्टेबल बोअरिंग बार थेट ब्लॉकवर बसवतो, स्पिंडल फिरत फिरत खाली उतरतो, आणि पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टनाला जागा होते. शेवटी होनिंग. यात एक तडजोड लपलेली आहे: बार बसतो ब्लॉकच्या वरच्या तोंडावर, म्हणजे सिलिंडर क्रँकशाफ्टला काटकोनात आहे की नाही हे त्या तोंडाच्या सपाटपणावर ठरतं. तोंड साफ न करता, जुन्या गॅस्केटचा चिकटलेला तुकडा तसाच ठेवून बार बसवणारा मिस्त्री स्मीटनचीच चूक करत असतो. चांगले मिस्त्री पातं फिरवून, तेलदगड घासून ते तोंड आधी आरशासारखं करतात.

तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपप्रमुखांना या व्यासपीठावरून एक विनंती. स्टार फीडचा बोअरिंग बार तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतः बनवायला द्यावा. एक खाच, एक स्क्रू, एक तारा आणि एक खुंटी, खर्च नगण्य. त्याच बारने एकच भोक दोनदा करून घ्यावं, एकदा डोकं सरकवून आणि एकदा जॉब सरकवून, आणि दोन्हींचं माप बोअर गेजने तीन ठिकाणी लिहून घ्यावं. आणि नवं बोअरिंग मशीन घेणाऱ्या उद्योजकांनी विक्रेत्याला स्पिंडलच्या फेऱ्यांआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पूर्ण बाहेर काढलेला स्पिंडल टोकाला किती झुकतो, चार तास चालल्यावर किती लांबतो, आणि टेबलाची वाट स्पिंडलच्या अक्षाला किती समांतर आहे. ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याखेरीज ऑर्डर देऊ नये.